एका वख्ताचा वुजू

झोया, अरमान,

मागं एका रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो. तुमच्याकडं सकाळ होती, इथं दिवस मावळत होता आणि माझ्या मागं मशिदीची अजान चालू होती. झोयानं विचारलं, "दादी, तुझी मगरिबची वेळ झाली ना? तू उठली नाहीस?" मी म्हणाले, "जाते बेटा, आत्ताच," आणि फोन ठेवला. पण मी गेले नाही. पलंगावर तशीच बसून राहिले.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे लिहितेय. उर्दू लिपी तुम्हाला येत नाही, मराठी तुम्ही पुण्याच्या शाळेत शिकून गेलात. इंग्रजी मी आयुष्यभर शिकवली, पण हे इंग्रजीत लिहायला घेतलं की ते डॉक्टरांच्या रिपोर्टासारखं व्हायला लागतं. घरात आपण दखनी बोलतो. इथं सगळे माझ्या हातून मराठीत बोलतील, तेवढं चालवून घ्या.

तुमच्या अब्बांनी तुम्हाला सांगितलं की दादीच्या पोटाचं छोटं ऑपरेशन झालं. ऑपरेशन पोटाचं होतं, छोटं नव्हतं. मला आतड्याचा कॅन्सर झाला. तुम्ही आता लहान नाही. पुढं कधी तुमचे डॉक्टर विचारतील की घराण्यात कुणाला काय झालं होतं, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. आणि तुमच्या ओळखीत कुणाला असं झालं, तर त्यांनाही हे वाचायला द्या. मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

दोरीवरचे कपडे

नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचा वुजू तुम्हाला मीच शिकवला, मोरीतल्या पाटावर बसवून. अरमान, तुझं डावं कोपर नेहमी कोरडं राहायचं आणि मी तुला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. तू एकदा चिडून म्हणाला होतास, "अल्लाहला एवढं कोपर दिसतं का?" मी म्हणाले होते, "मला दिसतं." अशी मी.

नमाजेआधी अंग पाक, कपडे पाक, जागा पाक. लघवी, शौच, वारा सरणं, वाहतं रक्त, यातलं काही झालं की वुजू तुटतो आणि नव्यानं करावा लागतो. नमाज चालू असताना तुटला तर नमाजही तुटते. उठायचं, वुजू करायचा, परत उभं राहायचं. माझा सगळा दिवस या शिस्तीवर बांधलेला होता. शाळेत असताना जोहरचा, दुपारच्या नमाजेचा, वुजू मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या मागच्या नळावर करायचे, आणि पाठोपाठ आठवीच्या वर्गावर ओल्या बाह्यांनी जायचे.

रक्त दिसलं तेही या सवयीमुळंच. आपण पाण्यानं स्वच्छ होतो, हाताला लागलेलं लपत नाही. मला वाटलं मूळव्याध असेल, उभं राहून शिकवणाऱ्या बायकांना होतेच. मला आजाराची काळजी नव्हतीच, वुजूची होती. वुजू करून यावं आणि शंका यावी, परत जाऊन बघावं, सलवार बदलावी, परत वुजू करावा. एक दिवस तुमचे दादा अंगणातून म्हणाले, "काय मास्तरीणबाई, घरात लग्न आहे का? दोरी पुरत नाही आज."

मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं नाही. असली गोष्ट नवऱ्याला कशी सांगायची, असं वाटायचं. चाळीसहून जास्त वर्षं एका घरात राहून.

शेवटी सांगितलं ते तुमच्या नसरीन फुफ्फीला, फोनवर. ती म्हणाली, "अम्मी, उद्याच्या उद्या लातूरला ये. अब्बांना काय सांगायचं ते मी सांगते." तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण दादांनी रात्रीच पिशवी भरून ठेवली आणि त्यात माझा चष्मा सोडून सगळं घेतलं.

निदान

दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर दादांशीच बोलत होते. "काकांना जरा समजावून सांगतो," म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या टेबलावर आतड्याचं रबराचं मॉडेल होतं, त्याचा एक भाग निखळून खाली पडलेला होता, आणि तो उचलून जागेवर लावावा असं मला सारखं वाटत होतं.

मी इंग्रजीत विचारलं, गाठ कॅन्सरची आहे का. डॉक्टर माझ्याकडं वळले आणि त्यानंतर माझ्याशीच बोलले. चांगला माणूस होता, नुसती बाईशी बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, गाठ खाली आहे, काढता येईल. पण जोडलेली जागा भरून येईपर्यंत मल पोटावरून बाहेर काढावा लागेल. आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची.

"मला कळेल का, कधी येतंय ते?" मी विचारलं.

"नाही. त्याला रोखून धरणारा स्नायू नसतो. ते येतच राहील. दिवसभर, थोडं थोडं."

"नमाजेत पण?"

 हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "हो काकू," ते म्हणाले, "तेव्हा पण."

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "गाठ निघते म्हणाले ना. मग झालं." त्यांनी गाठीचं ऐकलं होतं. मी दुसरंच ऐकलं होतं. खरं सांगते, त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली नाही. ती नंतर आली, केमोची इंजेक्शनं सुरू झाल्यावर. त्या दिवशी एवढंच वाटलं की आता मी कायमची नापाक. ऑटोमध्ये बसताना ओढणी गोळा करून घेतली, जणू आत्ताच काही लागेल.

खुणेचं पेन

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक नर्स पेन घेऊन आली. पिशवी पोटावर कुठं बसवायची, ती खूण करायला. त्या सिस्टरनं मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं. म्हणाली, "काकू, पोटाला जिथं घडी पडते तिथं नको, पिशवी उचकटते. तुम्ही रोज कशा कशा वाकता ते दाखवा."

मी म्हणाले, "दिवसातून पाच वेळा वाकते."

"मग तसंच वाका."

मी त्या गुळगुळीत फरशीवर, दवाखान्याच्या मागून उघड्या झग्यात, गुडघ्यांवर हात ठेवून रुकूत वाकले. मग खाली बसून, कपाळ टेकून सजद्यात गेले. वुजू नव्हता, किबल्याची, मक्केची, दिशा कुठली ते माहीत नव्हतं, डोक्यावर ओढणी नव्हती. सिस्टर खाली बसून माझं पोट बघत होती आणि म्हणत होती, "अजून एकदा. सावकाश." मग तिनं उजव्या बाजूला निळ्या शाईचा एक गोल काढला.

पलीकडच्या खाटेवर उदगीरच्या महादेवी अक्का होत्या, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. त्या सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "टीचरबाई, तुमचा देव बी म्हणत आसंल, आज अवेळी कशी काय आली ही."

मला हसू आलं. त्या दवाखान्यातलं ते पहिलं हसू.

अक्का लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढायला सांगतात, तशी त्यांनाही डबी काढायला सांगितली. त्यांनी सगळे दागिने काढून दिले, डबी दिली नाही. बराच वाद झाला. शेवटी ती त्यांच्या दंडाला चिकटपट्टीनं बांधली आणि तशीच आत नेली. परत आल्यावर ओकारी, नळी, सगळं चालू असताना त्या पडल्या पडल्या डाव्या तळहातावर लिंग ठेवून डोळे मिटून असायच्या.

मी एकदा विचारलं, "अक्का, आंघोळीशिवाय चालतं?"

"केली तर बरंच की. न्हाई झाली म्हून तो काय उतरून जातो व्हय अंगावरनं? आमच्यात इटाळ न्हाई, सुतक न्हाई. अंगावर देव हाय, मग अंग कशानं बाटंल?"

"तुमचं बरं आहे," मी म्हणाले.

"अन् तुमचं काय वाईट हाय?"

 त्यांचा धर्म त्यांचा, माझा माझा. पण हेवा वाटला, हे लिहून ठेवते.

वीट

ऑपरेशननंतर पाणी लावायची मनाई होती. पाणी चालत नसेल तेव्हा मातीवर हात मारून तोंडावर आणि हातांवरून फिरवतात, त्याला तयम्मुम म्हणतात. दवाखान्याच्या भिंतींना तेलाचा रंग, त्याच्यावर तयम्मुम होत नाही. दादांनी बाहेर चालू असलेल्या बांधकामावरून एक वीट आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून.

सिस्टरनं कागद उघडला. "हे काय आणलंत काका? टाके आहेत त्यांना. धूळ चालत नाही इथं."

अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की सिस्टर. म्हाताऱ्याला वाटलं, एवढे पैसे भरतोय तर एक खोली बांधून घ्यावी."

दादांनी कागद परत गुंडाळला. वीट घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा वीट स्वच्छ पांढऱ्या कापडात होती. "उकळली आहे," त्यांनी सिस्टरला सांगितलं. "नसरीनच्या मोठ्या पातेल्यात. मग उन्हात वाळवली. आता हिच्यात काही नाही." सिस्टरनं कापड परत झाकलं, म्हणाली, "उशाखाली ठेवा, डॉक्टरांच्या राउंडला दिसू देऊ नका."

भाजलेल्या विटेवर धूळ नसली तरी तयम्मुम होतो. पण मी ती वीट दोन-तीनदाच वापरली. हात मारायचे, तोंडावर फिरवायचे, डोळे मिटायचे, आणि तेवढ्यात पोटावरची पिशवी कोमट व्हायची. मी डोळे उघडायची आणि कलमा अर्धा सोडायची. नंतर वीट नुसतीच उशाखाली राहिली. दादा रोज विचारायचे, "वीट आहे ना?" मी म्हणायची, "आहे." ते दुसरं काही विचारत नव्हते.

चाकूर

डिस्चार्ज मिळाल्यावर नसरीनच्या गाडीतून घरी, नांदेडला निघालो. सिस्टरनं पिशवी रिकामी करणं, बदलणं, सगळं शिकवलं होतं आणि मी चांगली विद्यार्थिनी होते. पण दवाखान्यातली खाट वेगळी आणि गाडी वेगळी. चाकूरच्या जवळपास मला ओलं लागलं. चिकटपट्टी एका कडेनं सुटली होती.

पेट्रोलपंपावर थांबलो. तिथल्या संडासाला कडी नव्हती. नसरीन दार धरून बाहेर उभी राहिली आणि मी आत, एका हातानं भिंत धरून. जमेल तेवढं धुतलं. नसरीननं दुसरे कपडे दिले, काढलेले एका पिशवीत बांधले. तिनं नाकाला ओढणी लावली नाही. गाडीत बसल्यावर मी सीटवर वर्तमानपत्र अंथरायला सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, कशाला?" मी म्हणाले, "अंथर." अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी त्या कागदावर अंग चोरून बसले होते. लोह्याला जोहरची अजान झाली. दादांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवसापासून माझी नमाज सुटली.

आपा

घरी आपा आल्या होत्या, दादांच्या थोरल्या बहिणी, मुखेडहून. मला सांभाळायला. आता जे लिहिते ते वाचून त्यांच्याबद्दल वाईट मत करू नका. त्या वयात त्यांनी माझं अन्न केलं, धुणं केलं, मला केस विंचरून दिले. कुणाला सांगून मिळणारी मदत नव्हती ती.

पण पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतली जानमाज, नमाजेची चटई, दिसेनाशी झाली. मग कुरआन आणि तो ठेवायची लाकडी रेहाल. मी विचारलं नाही. पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा पुढच्या खोलीत कपाटावर दिसलं, स्वच्छ कापडात गुंडाळलेलं.

आपा म्हणाल्या, "तिथं वास असतो बाई. अशा जागी फरिश्ते येत नाहीत. तू बरी झालीस की परत ठेवू."

"हो आपा," मी म्हणाले. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्यांचं पटलं होतं.

दादांनी ऐकलं होतं. संध्याकाळी ते आपाला म्हणाले, "आपा, ती खोली तिची आहे."

"मी कुठं नाही म्हणते?"

"मग तिथलं सामान हलवायचं नाही."

"तिलाच विचार ना. तिचं काही म्हणणं नाही."

त्यांनी मला विचारलं नाही. दोन दिवस बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, माझ्या ताटातल्या भाकरीवरून निरोप चालायचे. "आपाला सांग, भाजीत तिखट कमी आहे." "त्याला सांग, डॉक्टरनंच कमी सांगितलंय." या घरात असं कधी झालं नव्हतं आणि ते माझ्या पोटावरच्या एका पिशवीवरून चाललं होतं.

माझी युक्ती

त्याच दिवसांत झोयाचा तो प्रश्न आला. बेटा, तुझी काही चूक नाही. तू विचारलंस म्हणून मला जाग आली, एवढंच. पण जागी होऊन मी जे केलं ते चुकीचं होतं, आणि ते कुणी करू नये म्हणूनच हे सगळं लिहितेय.

मी विचार केला, पोटात काही गेलं नाही तर पिशवीत काही येणार नाही. मला शिस्तीत काम करायची सवय. मी खाणं रात्री इशाच्या नमाजेनंतर नेलं, तेही थोडंसं. दिवसभर पाणी बंद. घसा फारच सुकला तर चूळ भरायची. डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या दिल्या होत्या, दिवसभर घोट घोट घ्यायला सांगितलं होतं. त्या मी रुमालांच्या खाली ठेवल्या. आपा दुपारी ताट आणायच्या, मी म्हणायची ठेवा, नंतर खाते, आणि मागच्या दाराशी मांजराला घालायची. ते मांजर त्या दिवसांत चांगलं गुबगुबीत झालं.

आणि युक्ती चालली. पिशवी जवळजवळ कोरडी राहायला लागली. मी वुजू केला, पुढच्या खोलीत जाऊन आपाच्या शेजारी खुर्चीवर नमाज पढले. त्या खुश झाल्या. म्हणाल्या, "बघ, अल्लाहनं ऐकलं." मला विलक्षण बरं वाटलं. परीक्षेत पहिली आल्यासारखं.

लघवी कमी झाली, पायात गोळे यायला लागले. जिभेवर पांढरा थर आला. मला वाटलं, अशक्तपणा असेल, जाईल.

एका दिवशी दुपार कलल्यावर, असरला, मी मोरीत वुजू करत होते. तोंड धुतलं, उजवा हात कोपरापर्यंत धुतला, डावा धुवायला घेतला आणि नळ वर गेला. म्हणजे मी खाली गेले. आपांची हाक ऐकू आली, पुढचं आठवत नाही.

परत दवाखाना

या वेळी नांदेडचाच दवाखाना. लातूरच्या डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं, काय करायचं ते. हाताला सलाईन, बाटलीवर बाटली. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "आजी, जुलाब झाले होते का?"

"नाही."

"उलट्या?"

"नाही."

"मग एवढं पाणी गेलं कुठं?"

मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. ओरडली नाही. म्हणाली, "आजी, ही पिशवी भरते म्हणजे तुमचं आतडं काम करतंय. ती कोरडी पडली की आम्हाला घाबरायचं असतं, तुम्हाला खुश व्हायचं नसतं. अजून थोडे दिवस असं केलं असतं तर डायलिसिसला बसावं लागलं असतं."

दादा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. डॉक्टरीण गेल्यावर ते स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ माझ्या हाताच्या सुईकडं बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. ते चिडत नाहीत, पण या वेळी चिडतील.

ते म्हणाले, "अम्माला तू काय सांगितलं होतंस, आठवतं?"

"कधी?"

"मोरीच्या दारात."

आठवलं. माझ्या सासूबाई, तुमच्या दादांच्या अम्मा, शेवटी शेवटी त्यांची लघवी थांबत नव्हती. सारखं कापड ओलं. त्यांनी नमाज सोडली होती, कोपऱ्यात गोणपाटावर बसून राहायच्या आणि कुणी जवळ गेलं की म्हणायच्या, लांब हो, मी नापाक आहे. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. पुस्तकं वाचायची हौस होती. मी त्यांना मोरीच्या दारात बसवून सांगितलं, अम्मा, तुम्ही माजूर आहात. ज्याचं थांबतच नाही त्याच्यासाठी सवलत आहे. नमाजेची वेळ लागली की कापड बदला, एकदा वुजू करा. त्या एका वख्ताला तो वुजू पुरतो. मध्ये ते येत राहिलं तरी वुजू तुटत नाही, नमाज तुटत नाही. पुढचा वख्त लागला की पुन्हा नवा वुजू.

त्यांनी विचारलं होतं, "सच्ची?" मी म्हणाले होते, "सच्ची." त्यानंतर त्या मरेपर्यंत पढल्या.

"आठवतं," मी म्हणाले.

"तिला तू खरं सांगितलं होतंस, की नुसती समजूत काढली होतीस?"

"खरं सांगितलं होतं."

"मग?"

सलाईन थेंब थेंब पडत होतं.  नियम मला त्या लातूरच्या डॉक्टरांच्या खोलीतच ठाऊक होता. पण तो अम्मासाठी होता, दुसऱ्या म्हाताऱ्यांसाठी होता. मी तर कोपर कोरडं राहिलेलं ओळखणारी बाई. मला सवलत लागेल, हेच मला सोसत नव्हतं. ती घेण्यापेक्षा तहान सोपी वाटली.

दादांना मी म्हणाले, "मला लाज वाटते." एवढंच आलं तोंडातून.

ते म्हणाले, "कुणाची? त्याला तर आतलं-बाहेरचं सगळं दिसतंय." मग उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आले, डोळे धुवून. हातात उसाच्या रसाचा ग्लास होता. डॉक्टरीण म्हणाली, उसाचा रस नको. मग तो त्यांनीच प्यायला.

आमच्या मशिदीच्या मौलानांनाही त्यांनी विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं आणि वर म्हणाले, पिशवी जमेल तेव्हा रिकामी करा, जमलं नाही तर तशीच पढा, आणि पाणी पिणं सोडू नका, जीव राखणं हाही हुकूमच आहे.

मगरिब

घरी आल्यावर मी स्वतः पुढच्या खोलीतून जानमाज उचलून आणली. आपा भाजी निवडत होत्या. त्यांनी बघितलं आणि पुढची जुडी हातात घेतली. मी माझ्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवली, पुढं जानमाज अंथरली. त्या दिवशी मी व्यवस्थित जेवले होते, भात-वरण, आणि मीठ-साखरेचं पाणी दिवसभर घोट घोट घेतलं होतं. म्हणजे पिशवी चालू होती.

अजान झाली. मी पिशवी रिकामी केली, धुतली, वुजू केला. दोन्ही कोपरं नीट. खुर्चीवर बसले आणि हात बांधले.

पहिली रकात, नमाजेची एक फेरी, नीट गेली. दुसऱ्या रकातीत रुकूला वाकले तेव्हा पोटातून आवाज आला. या आतड्याला लाज नसते, त्याला दाबता येत नाही. मोठा आवाज होता, आणि पाठोपाठ ते कोमट. दाराशी आपा उभ्या होत्या हे मला बांगड्यांवरून कळलं. बांगड्या हलायच्या थांबल्या.

सगळं अंग म्हणालं, ऊठ. लहानपणापासून शिकलेलं अंग ते. वुजू तुटला, नमाज तुटली, ऊठ, मोरीत जा. माझ्या हातांनी खुर्चीच्या दांड्या धरल्यासुद्धा. रुकूत म्हणायची तस्बीह तोंडात पुढं सरकेना. मला अम्मा आठवल्या, गोणपाटावरून उठून मोरीच्या दारात बसलेल्या, विचारणाऱ्या, सच्ची?

मी दांड्या सोडल्या. तस्बीह पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले. सजद्यासाठी वाकले, पिशवी पोटाला चिकटून होती, जड होती. तिसरी रकात केली. उजवीकडं सलाम, डावीकडं सलाम, नमाज पुरी.

डावीकडं मान वळवली तेव्हा आपा दारातच होत्या. त्यांना त्या खोलीचा वास येत होता, मला माहीत आहे, मलाही येत होता. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, जानमाजेकडं बघत होत्या. मग वळून गेल्या. मला वाटलं संपलं, आता बॅग भरतील.

त्या परत आल्या तेव्हा हातात तांब्या-पेला होता. ताट ठेवायचं सोडलं तर त्या खोलीत येत नाहीत, पण आल्या, आणि पेला माझ्या हातात दिला.

"पाणी पी," म्हणाल्या. "दिवसभरात किती प्यालीस मी मोजलेलं नाही. पण पी."

रेहाल अजून पुढच्या खोलीतच आहे. आपा माझ्या खोलीत चहा घेत नाहीत. आतडं परत आत जोडायचं की नाही, ते इंजेक्शनं संपल्यावर, पुढच्या तपासणीनंतर ठरणार आहे. डॉक्टर बरं बोलतात, पण हात राखूनच बोलतात. कधी कधी पहाटे फजरला उठताना मला इतकी भीती वाटते की दादांचा हात धरून थोडा वेळ पडून राहते.

त्या दिवशी मी पेला रिकामा केला, आपांनी पुन्हा भरला, मी तोही प्याले. झोया, त्यानंतर मी मगरिब चुकवलेली नाही. आता तू फोनवर असलीस आणि मी मध्येच उठले, तर थांब. मला वेळ लागतो. पण येते.

तुमची दादी